मेपलचा रस तांब्याच्या पातेल्यात आटवला की सिरप पुन्हापुन्हा कळकतं: कारण आणि इलाज

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. फेब्रुवारीच्या अखेरीस परसातल्या शुगर मेपलच्या (ज्याचा गोडसर रस आटवून सिरप करतात त्या झाडाच्या) खोडाला नळ्या ठोकल्या, बादल्यांत रस जमला, देशातून आणलेलं तांब्याचं पातेलं किंवा परात बाहेर विटांच्या चुलीवर चढवली. पहिलं सिरप झकास झालं. पुढच्या शनिवारचं मात्र जिभेच्या कडांना लागतं, नाणं चोखल्यासारखं. मग चिंच लावून पातेलं लख्ख घासलं की एक घाणा बरा निघतो आणि त्याच्या पुढचा परत कळकतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि कॅनडातल्या माँट्रियलकडच्या मराठी मंडळींत मार्च उजाडला की हा प्रश्न फिरू लागतो. त्यावरचं ठरलेलं उत्तर, ‘नीट घासलं नसेल’, अर्धंच बरोबर आहे.

माझं म्हणणं असं: रस खळखळ उकळत असतो तेव्हा तांबं त्यात फारसं उतरत नाही. ते उतरतं रस पातेल्यात नुसता पडून असतो तेव्हा. रात्री आग विझवून, झाकण टाकून आपण झोपतो आणि सकाळी त्याच रसात नवी बादली ओततो. पुन्हापुन्हा होणाऱ्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा याच आठ-दहा तासांत असतं.

आधी चव तांब्याचीच आहे ना, ते बघा

मेपलच्या सिरपला बिघडायला इतरही कारणं आहेत आणि तांब्यावर फुकट आळ येतो. हंगामाच्या शेवटी झाडाच्या कळ्या फुगू लागल्या की रसाचीच चव बदलते. त्याला तिकडे ‘बडी’ म्हणतात. हे सिरप घशाशी विचित्र लागतं आणि ते स्टीलमध्ये आटवा, तांब्यात आटवा, तसंच निघतं. त्यावर उपाय नाही, नळ्या काढायच्या आणि पुढच्या वर्षाची वाट बघायची. ऊन पडून बादलीतला रस गढूळ, किंचित तार सुटल्यासारखा झाला असेल तर तो आंबलाय. जळकी चव ओळखायला कुणाची मदत लागत नाही. दाताखाली वाळूसारखं कचकचत असेल तर तो मॅलेटचा, म्हणजे रसातल्याच एका क्षाराचा गाळ, ज्याला तिथले लोक नायटर किंवा शुगर सँड म्हणतात. त्याच्याकडे पुढे येतोच.

तांब्याची चव वेगळी असते: तुरट, धातूची, गिळल्यावरही रेंगाळणारी, आणि गोडाने न झाकली जाणारी. खात्री करायची सरळ रीत म्हणजे एकाच बादलीतला रस दोन भागांत करायचा. एक भाग स्टीलच्या भांड्यात आटवा, दुसरा तांब्यात, त्याच दिवशी, मध्ये न थांबता. दोन्ही सारखेच लागले तर रसात दोष आहे, किंवा मग तुमची रात्रभर ठेवण्याची पद्धत तरी. कारण या चाचणीत तुम्ही रात्र वगळलेली असते. मग तीच चाचणी एक रात्र मध्ये घालून करा. फरक कळायला जिभेला तज्ज्ञ असावं लागत नाही.

लोखंडी खिळा वाळूच्या कागदाने घासून सिरपमध्ये बुडवून ठेवायची एक जुनी युक्तीही सांगितली जाते. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं भरपूर आहे, सिरप टाकून द्या. पण थर चढला नाही म्हणून सिरप निर्धोक, असं समजू नका. थोडं तांबं खिळ्याला कळत नाही.

रात्री पातेल्यात काय होतं

तांबं विरघळायला दोन गोष्टी लागतात: प्राणवायू आणि थोडं आम्ल. रस उकळू लागला की त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. शिवाय मेपलच्या रसाची एक खासियत म्हणजे आटवण्याच्या पहिल्या टप्प्यात त्याचा पीएच वर चढतो, रस अल्कधर्मी बाजूला झुकतो आणि मग पुढे हळूहळू उतरतो. अशा परिस्थितीत स्वच्छ तांबं बरंच शांत बसतं.

आग विझली की उलटं सुरू होतं. निवणारा रस हवा पुन्हा ओढून घेतो. कोमट रसात जिवाणू वाढतात आणि आम्ल तयार करतात. शिवाय मेपलच्या रसात मॅलिक आम्ल मुळातच असतं आणि तांब्याशी त्याची गट्टी चटकन जमते. पण सगळ्यात वाईट जागा रसाच्या आत नाही, वर आहे. पातेल्याच्या कडेवर जिथे उडालेले थेंब सुकतात, तिथे ओलही असते, हवाही आणि साखरही. सकाळी बोट फिरवून पाहा. रसाच्या पातळीवर एक निळसर-हिरवी कड दिसेल. तोच जंगाल. नवी बादली ओतताना ही कड रसाखाली जाते आणि धुऊन आत उतरते. तळ कितीही लख्ख असो, कड पुसली नाही तर घासण्याचा उपयोग अर्धाच होतो.

आता यातला खरा घोटाळा आटवण्याच्या गणितात आहे. शुगर मेपलच्या रसात साखर साधारण २ टक्के, आणि सिरप म्हणजे किमान ६६ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे वजनाने साखरेची टक्केवारी). एक लिटर सिरपला किती रस लागेल याचा ठोकताळा सोपा आहे: ८६ ला रसाच्या ब्रिक्सने भागायचं. २ ब्रिक्सच्या रसाला ४३ लिटर. पाणी वाफ होऊन जातं, तांबं मागेच राहतं. समजा रात्रभरात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तांबं उतरलं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे तिच्या पाव. रस चाखला तर काही कळणारही नाही. पण तोच रस आटून सिरप झाला की लिटरला वीसेक मिलिग्रॅम.

‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण रोज पितोच की’ या युक्तिवादाचं उत्तर इथे आहे. पाणी तुम्ही जसंच्या तसं पिता, चाळीस पट आटवून पीत नाही.

घाबरून जाण्याइतकं हे आहे का? धडधाकट मोठ्या माणसाला नाही. अमेरिकेत मोठ्यांसाठी दिवसाची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम धरतात. वरच्या हिशेबातलं सिरप दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर घेतलं तर ०.६ मिलिग्रॅम पोटात जातं. पण १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी तीच मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि पॅनकेकवर सिरपची धार कोण धरतं ते घरोघरी माहीत आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर तान्ह्या मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढला, तेव्हा बोट गेलं ते कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या दुधाकडे. दूध आणि मेपलचा रस सारखे नाहीत, प्रमाणंही वेगळी. तरी लहान मुलांच्या बाबतीत ‘आमच्या आजीने आयुष्यभर वापरलं’ हे उत्तर मी चालवून घेत नाही. आजीच्या भांड्याला कल्हई होती.

मग करायचं काय

पहिला नियम: तांब्यात रस साठवायचा नाही. ना सुरुवातीला, ना मध्ये, ना शेवटी. रस खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या डब्यात, बर्फात किंवा फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सिअसच्या आत ठेवा आणि शक्य तेवढ्या लवकर आटवायला घ्या. पातेल्यात तो आग पेटल्यावरच जाईल. रात्री थांबायचं असेल तर अर्धवट आटलेला रस गरम असतानाच स्टीलमध्ये काढून घ्या. कंटाळवाणं काम आहे, चुलीजवळ हात पोळतात, पण हे एवढं केलं तरी बहुतेकांची तक्रार संपते.

दुसरं, घासायचं ते आग पेटवण्याच्या अगदी आधी. आदल्या दिवशी घासलेलं तांबं सकाळपर्यंत पुन्हा काळवंडू लागतं. चिंच-मीठ, लिंबू-मीठ, पितांबरी, जे हाताशी असेल ते. कडेला आणि कानांच्या खिळ्यांभोवती जास्त वेळ द्या. मग भरपूर पाण्याने धुवा, कारण मागे राहिलेलं आम्ल आणि मीठ तुमच्याच मुळावर येतं. त्यानंतर पातेल्यात साधं पाणी दहा मिनिटं उकळून फेकून द्या आणि लगेच रस ओता. हंगामातला पहिला घाणा असेल तर हे पाणी उकळणं दोनदा करा.

तिसरं, उकळताना पातळी फार खालीवर होऊ देऊ नका. ताजा रस दुसऱ्या भांड्यात तापवून बारीक धारेने सोडत राहिलं तर उकळी मोडत नाही आणि कड सुकत नाही. थंड रसाची अख्खी बादली एकदम ओतली की उकळी थांबते, हवा आत शिरते, आणि वेळही जातो.

चौथं, आणि यावर माझा आग्रह आहे: शेवटचा टप्पा तांब्यात करू नका. रस दाट होऊन रंग धरू लागला, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या दोन-अडीच अंश सेल्सिअस वर गेला, की स्टीलच्या पातेल्यात काढा आणि घरात गॅसवर पुरा करा. सिरप तयार होतं ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या सुमारे ४ अंश सेल्सिअस वर, म्हणजे ७ अंश फॅरनहाइट. समुद्रसपाटीला १०४ सेल्सिअस, २१९ फॅरनहाइट. डोंगरात राहणाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या घरी पाणी कितीला उकळतं ते आधी मोजून घ्यावं, हवेच्या दाबाने ते बदलतं. घरात फक्त हा शेवटचाच टप्पा करा. सुरुवातीपासून आत आटवलं तर चाळीस लिटर पाण्याची वाफ भिंतींवर जाते आणि वॉलपेपर उलगडू लागतो. हे तिकडे प्रत्येक जण एकदा ऐकतो, तरी एकदा करतोच.

सिरप ८२ अंश सेल्सिअसच्या वर असताना लोकरीच्या किंवा फेल्टच्या गाळणीतून गाळून बाटलीत भरा. गाळल्याने वाळू जाते. तांबं जात नाही, ते विरघळलेलं असतं. ‘डबल फिल्टर केलं’ म्हणून कळकलेलं सिरप सुधारत नाही.

पातेलं कुठलं आहे, तेही बघा

इथे घाई करू नका. जुनं, सेकंडहँड घेतलेलं तांब्याचं भांडं किंवा जुनी अमेरिकन आटवणी पॅन असेल तर तिचे जोड झाळलेले आहेत का ते पाहा. जुन्या झाळकामात शिसं सर्रास असायचं आणि तेही तांब्यासारखंच आटत आटत सिरपमध्ये गोळा होतं. फरक असा की शिशाची चव लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात शिसं ओळखण्याच्या कांड्या मिळतात, त्या जोडावर घासून बघा. रंग बदलला, तर ते भांडं शोभेला ठेवा. रंग बदलला नाही तरी झाळलेला जोड रसात बुडणार असेल तर मी ते भांडं वापरणार नाही. पितळी नळ, पितळी कानांचे आतून दिसणारे खिळे यांच्याबद्दलही तेवढंच सावध राहा.

नवं भांडं दुकानात आरशासारखं चमकत असेल तर त्यावर बहुधा लॅकरचा पारदर्शक थर असतो. तो पाणी ठेवायच्या शोभिवंत भांड्यांवर काळवंडू नये म्हणून देतात, आगीवर ठेवायला नव्हे. तो काढल्याशिवाय पातेलं चुलीवर चढवू नका.

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतलं मठारकाम केलेलं भांडं असेल तर आणखी एक अडचण. त्यावरचे ठोक्यांचे खळगे दिसायला देखणे, पण आतून तळालाही तेच असतील तर नायटर त्यांत जाऊन बसतं आणि घासणी वरूनच फिरते. आतून सपाट असलेलं घ्या.

आणि कल्हई? हा आपल्याकडचा जुना, अस्सल उपाय आहे आणि मेपलच्या रसाला तो चांगला लागू पडतो. शुद्ध कथलाचा सलग थर असेल तर रस तांब्याला भेटतच नाही. अमेरिकेतही तांब्याच्या भांड्यांना पुन्हा कल्हई करून देणारे कारागीर आहेत, पण पैसे सुट्टीत गावी जाऊन करून घेण्यापेक्षा बरेच जास्त पडतात. गावी करून घेताना कथील शुद्ध आहे, शिशाची भेसळ नाही, एवढं खुंटा हलवून बळकट करा. तरी कल्हईला दोन शत्रू आहेत. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. पातेल्यात रस आहे तोवर तळ त्याच्या जवळपासही जात नाही. पण तुम्ही फोनवर बोलत राहिलात आणि पातेलं कोरडं पडलं की कल्हई गोळ्या होऊन तळाशी सरकते. दुसरा शत्रू स्टीलचा झारा आणि तारेची घासणी. लाकडी उलथनं वापरा. आत लालसर तांबं डोकावू लागलं की ते भांडं कल्हईचं नाही, असं धरून वागा.

तांब्याने लवकर आटतं का?

नाही. तांबं स्टीलपेक्षा पंचवीसेक पट चांगलं उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण अडतं ते तिथे नाही. चांगल्या आगीवर उथळ पॅनच्या एका चौरस फुटातून तासाला साधारण चार लिटर पाणी उडतं. तेवढी उष्णता एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलमधून जायला स्टीलच्या दोन बाजूंत जेमतेम दोन अंशांचा फरक लागतो. खाली ज्वाळा शेकडो अंशांवर असताना हे दोन अंश कुणाच्या खिजगणतीत? वेग ठरतो तो आगीवर आणि भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर. म्हणून उभट तांब्याच्या पातेल्यापेक्षा कॅटरिंगवाल्यांची उथळ, चौकोनी स्टीलची ट्रे लवकर आटवते, आणि परसातले बहुतेक लोक तीच वापरतात. माझा सल्ला विचाराल तर तुम्हीही तीच घ्या. तांब्याचा एक फायदा मात्र खरा आहे: उष्णता आडवी पसरते, त्यामुळे एकाच जागी तोंड असलेल्या प्रोपेन शेगडीवर मधोमध करपण्याचा धोका कमी होतो.

पण कमी होतो म्हणजे संपत नाही. तांब्यातही करपतं, आणि ते बहुधा नायटरमुळे. रस दाट होऊ लागला की त्यातलं कॅल्शियम मॅलेट विरघळलेलं राहू शकत नाही, ते तळाला पांढरट थर धरतं. थराखाली धातू तापत जातो, थरावरची साखर जळते. काही घाणे झाले की थर काढायलाच हवा. दुसरं कारण म्हणजे ज्वाळा पातेल्याच्या बगलेने वर चढणं. रसाच्या पातळीच्या वरची भिंत तापते आणि तिथे उडालेला प्रत्येक थेंब करपतो. विटा अशा रचा की आग तळालाच लागेल आणि रस ४-५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. फेस वर चढला तर लोण्याचा किंवा तुपाचा एक थेंब पुरतो. दोन थेंब घातले की सिरपवर तवंग दिसतो.

कळकलेल्या सिरपचं काय करावं

टाकून द्या. चाळीस लिटर रसाची मेहनत ओतताना जीव वर-खाली होतो, पण नव्या चांगल्या सिरपमध्ये मिसळून खपवणं म्हणजे दोन्ही बिघडवणं. पाहुण्यांना भेट म्हणून तर मुळीच देऊ नका. लिंबू पिळून चव झाकायचा प्रयोग करणारे असतात. तांबं त्याने जात नाही, आणि लिंबाचं आम्ल तांब्याच्याच भांड्यात पडलं तर वाढतं. अमेरिकेच्या अन्न नियमावलीत पीएच ६ च्या खालच्या पदार्थांना तांबं आणि पितळ लागू देऊ नये असं आहे, ते याचसाठी.

हंगाम संपल्यावरची एक गोष्ट राहिली. स्टीलच्या पॅनमधलं नायटर सोडवायला तिथले शेतकरी शेवटचा रस किंवा व्हिनेगरचं पाणी पॅनमध्ये तसंच भरून काही आठवडे ठेवतात. रस आंबतो, आम्ल थर सैल करतं, घासायचे कष्ट वाचतात. स्टीलला ही युक्ती उत्तम आहे. तांब्याला ती लावली तर मेच्या अखेरीस पातेल्यात निळं पाणी मिळेल आणि कल्हई असेल तर तीही डागाळलेली. तांब्यातलं नायटर कोमट व्हिनेगर-पाण्याने, पंधरा-वीस मिनिटांत, समोर उभं राहून काढा. मग धुवा, कापडाने कोरडं पुसा, आगीजवळ धरून ओल घालवा आणि पालथं न घालता, हवा लागेल असं ठेवा. आत वर्तमानपत्र कोंबू नका. ते ओल धरतं, आणि पुढच्या फेब्रुवारीत हिरवी कड तिथूनच सुरू होते.